ट्रेलरचं दार पुन्हा पुन्हा उघडतंय? कुलूप बदलण्याआधी चौकट मोजा

तीन पावसाळ्यांत तीन कुलपं बदलली, तरी आमच्या ट्रेलरचं दार नीट लागेना. ज्यांच्याकडे ओढून न्यायचा राहता ट्रेलर आहे, म्हणजे मागे जोडायची कॅराव्हॅन, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हा त्रास असणार. म्हणून काय झालं, कारण कुठे सापडलं आणि शेवटी कोणतं सामान कसं बसवलं, ते सगळं सांगतो.

ट्रेलर १४ फुटी, एका एक्सलचा. आई-वडिलांना देवदर्शनाला नेता यावं, आईला रस्त्यात संडासाची अडचण होऊ नये, एवढ्यासाठी २०२१ च्या दिवाळीत वाळूजच्या एका बॉडीवाल्याकडून बांधून घेतला. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, आतून प्लाय, बाहेरून पत्रा. दार अॅल्युमिनियमचं, ६०० मिमी रुंद आणि १७०० मिमी उंच, डाव्या बाजूला, बिजागऱ्या पुढच्या अंगाला. परभणीहून औंढा, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर असं फिरणं झालं. बाकी वर्षभर तो शेतात आखाड्यावर उभा.

२०२२ च्या जुलैत दार खालून घासायला लागलं. लॅचची, म्हणजे दार टेकवून ठेवणाऱ्या खटक्याची, जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात बसेना. खांदा लावून दार लावावं लागे. मग एकदा जिंतूरहून औंढ्याला जाताना मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून थांबवलं. दार उघडं पडून आपटत होतं, पिठाचा डबा दारातच आडवा झालेला, पायरीवर पीठच पीठ. ट्रेलर ओढताना आत कुणाला बसवायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे, म्हणून फक्त पीठ सांडलं. बिजागऱ्या पुढच्या अंगाला असल्याने वारा दाराला आतच ढकलत होता. त्या मागच्या अंगाला असत्या, तर वाऱ्याने दार मुळासकट उपटलं असतं. ट्रेलर नव्याने बांधून घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट बॉडीवाल्याला आधीच ठणकावून सांगावी.

मी कुलूप बदललं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच, म्हणून जास्त भारी कुलूप आणलं. २०२४ च्या जूनमध्ये तिसरं. प्रत्येक वेळी पट्टीचं भोक कानशीने थोडं थोडं मोठं करत गेलो. पोळ्याच्या सुमारास दार नरम यायचं, दिवाळीला तर एका बोटाने लागायचं, आणि मी म्हणायचो, कुलूप चांगलं निघालं. खरं तर तोवर पाऊस उघडून जमीन वाळलेली असायची. हे माझ्या ध्यानात आलंच नाही.

ते आलं मामांच्या ध्यानात. मामा एसटीच्या वर्कशॉपात बॉडीच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. ऑगस्टमध्ये घरी आले तेव्हा मी दार हातोडीने ठोकून बसवत होतो. म्हणाले, "दाराला कशाला ठोकायलास? आधी गाडी सरळ उभी कर की." कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. टेप मागितला आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत १८०६ मिमी भरलं, दुसरा कर्ण १८००. चौकट काटकोनात असती तर दोन्ही १८०३ च्या आसपास यायला हवे होते.

६ मिमीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण एवढ्या मापाच्या चौकटीत कर्णांत ६ मिमी फरक म्हणजे उंचीभर सुमारे ९ मिमीचा तिरकसपणा, आणि त्यामुळे लॅचची जीभ पट्टीच्या भोकापासून ३ मिमीहून जास्त वर किंवा खाली सरकते. भोकात जिभेला मोकळी जागा असते जेमतेम दीड-दोन मिमी. मग कुलूप कितीही भारी असो, ते लागणार कसं?

मामांनी मागचा डावा पाय दाखवला. चार बोटं मातीत गेला होता.

आपली काळी माती किती फुगते आणि किती आकसते हे शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि मृगाच्या दोन पावसांत तीच जमीन फुगून वर येते, नाहीतर चिखल होऊन वजन गिळते. ट्रेलरची दोन चाकं, पुढचं लहान चाक आणि कोपऱ्यांचे चार पाय, हे सगळे वेगवेगळ्या ओलीच्या मातीवर. एक कोपरा बसला की सांगाड्याला पीळ पडतो. आणि पीळ सगळ्यात आधी दिसतो तो दारात, कारण भिंतीतलं सगळ्यात मोठं भगदाड तेच असतं.

त्यात माझी एक मोठी चूक होती. कोपऱ्यांचे पाय हे ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नसतात. मी मात्र खाली बसलेला कोपरा त्याच पायाचा स्क्रू फिरवून वर चढवायचो. म्हणजे जमिनीने दिलेल्या पिळात माझा आणखी एक पीळ. बरोबर क्रम असा: आधी चाकांखाली फळी किंवा उतरता ठोकळा घालून डावी-उजवी बाजू समतल करायची, मग पुढच्या चाकाने पुढची-मागची, आणि सगळ्यात शेवटी चारही पाय जमिनीला टेकून हाताला ताण लागेल इतकेच घट्ट करायचे. समतल झालं का हे पाहायला बाटलीची लेव्हल ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर ठेवा, ओट्यावर नको. ओटा बांधतानाच वाकडा असू शकतो.

आम्ही चारही पाय सैल केले, बसलेल्या चाकाखाली फळी सरकवली. कर्ण पुन्हा मोजले: १८०३ आणि १८०२. दार लागलं, तेही खांदा न लावता.

आता ट्रेलर जिथे उभा राहतो तिथली वीतभर काळी माती काढून मुरूम भरून ठोकला आहे, आणि चाकांच्या व पायांच्या जागी शहाबादी फरशीचे तुकडे टाकले आहेत. मुरमाच्या कडेने पाणी काढून देणारी चारी हवीच. नाहीतर मुरमाखालीच पाणी मुरतं आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

तुमच्या दाराचं दुखणं हेच असेल असं नाही, म्हणून आधी तपासा. दार सकाळी नीट लागतं आणि दुपारी लागत नाही, तर ते ऊन. गाडीला जोडल्यावर लागतं आणि पायांवर उभं केल्यावर लागत नाही, तर ते पीळ. दार अर्धं उघडून मोकळी कड दोन्ही हातांनी वर उचला. ती हलली, टकटक वाजली, तर बिजागऱ्या ढिल्या. आणि जीभ नेमकी कुठे आपटते ते पाहायचं असेल तर आईने सांगितलेली युक्ती वापरा. जिभेच्या टोकाला ओलं कुंकू लावायचं, दार हलकेच लावून उघडायचं, पट्टीवर लाल ठसा उमटतो. आमचा ठसा भोकाच्या खालच्या काठाला अर्धा आत, अर्धा पट्टीवर असा यायचा. पाय सैल केल्यावर तो भोकात गेला.

उन्हाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठवाड्यात मे महिन्यात ते टाळता येत नाही. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. पहाटेची थंडी आणि मे महिन्यातल्या दुपारी तापलेलं दार यांत ५० अंशांचा फरक धरला, तर १७०० मिमी उंचीचं दार सुमारे २ मिमी वाढतं आणि लोखंडी चौकट १ मिमी. त्यातही बाहेरचा पत्रा तापलेला आणि आतली बाजू थंड असते, म्हणून दार मधोमध बाहेर फुगतं. कुलूप मधेच असतं, त्यामुळे जीभ पट्टीपासून लांब जाते. यावर कुलूप बदलून काही होत नाही. दार पश्चिमेला येईल असा ट्रेलर उभा करू नका. आपल्याकडे दार डाव्या बाजूला, म्हणून ट्रेलरचं तोंड पूर्वेला केलं की दार उत्तरेला येतं आणि दिवसभर बऱ्यापैकी सावलीत राहतं. दाराला गडद रंग किंवा काळी फिल्म लावायची हौस असेल तर ती सोडा. आणि वरची फट ३ मिमीहून कमी ठेवू नका.

चौकट सरळ झाली तरी सामान बदलावं लागलंच, कारण तीन वर्षांच्या धक्काबुक्कीने बरंच खराब झालं होतं. पट्टी काढली तेव्हा आतला प्लाय काळा पडलेला होता. पेचकसाचं टोक लावलं तर भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा बाहेर आला, आणि त्याला पावसात राहिलेल्या पोत्याचा वास. स्क्रू बोटांनी निघाले. पाणी शिरत होतं चौकटीच्या वरच्या कडेतून आणि उतरत होतं थेट लॅचच्या पट्टीच्या स्क्रूंपर्यंत. अशा लाकडात नवे, लांब स्क्रू मारून काही उपयोग नाही. कुजलेलं सगळं खरवडून काढलं, आठवडाभर आत पंखा लावून वाळवलं, मग सागाचे तुकडे एपॉक्सीत बसवले. ते पक्के झाल्यावरच पुढचं काम. ही पायरी घाईत उरकाल तर पुढचं सगळं वाया जाईल, एवढं माझं ऐका.

बाहेरची चौकट पूर्ण काढून तिच्यामागे ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, लावली आणि पुन्हा बसवली. नुसतं वरून सिलिकॉन मारणं हा उपाय नाही. ते कडेने सुटतं, मग पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. टेप दाबल्यावर कडेने चारी बाजूंनी सारखी बाहेर यायला हवी. जिथे आली नाही तिथे फट राहिली असं समजा. वरच्या कडेवर पाण्याला वळवणारी छोटी पन्हाळपट्टी लावली. तिचा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा भरपूर.

बिजागऱ्या आमच्या पत्र्याला रिव्हेटने लावलेल्या होत्या. रिव्हेट सुटली की भोक लंबगोल होतं, आणि तिथे तीच रिव्हेट पुन्हा मारली तर महिनाभरात ढिली होते. मी तीन बिजागऱ्या लावल्या, आधी दोनच होत्या. स्टेनलेस स्टीलच्या, आरपार बोल्टने, आतून ३ मिमीची पट्टी आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी सहज ढिला न होणारा नट. स्टील आणि अॅल्युमिनियम ओल्या हवेत थेट चिकटून राहिले तर अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी येते. म्हणून मधे नायलॉनचा वायसर किंवा ब्यूटाइलचा पातळ थर हवाच. बिजागरी बसवताना दार चौकटीत ठेवून चारी बाजूंनी ३ मिमीच्या पट्ट्या खोचा, मग भोकं पाडा. दार हातात धरून भोकं पाडायला जाऊ नका.

बिजागऱ्या ढिल्या का झाल्या याचं कारण मात्र वेगळंच निघालं. आईचे गुडघे दुखतात. पायरी चढताना ती दाराचं हॅंडल धरायची आणि सगळं वजन त्यावर टाकून वर चढायची. कुणीही तेच करेल, धरायला दुसरं काही नव्हतंच. दाराच्या मोकळ्या कडेवर माणसाचं वजन म्हणजे वरच्या बिजागरीला जबर ओढ. म्हणून चौकटीच्या बाहेर, थेट लोखंडी पाइपला बोल्ट करून लांब आडवा-उभा फिरणारा दांडा बसवला. उभा असताना चढायला आधार, आणि प्रवासात दुमडून दारावर आडवा टाकला की दाराला बाहेरून आडकाठी. लॅच चुकून सुटला तरी दार उघडत नाही. हे एक काम २०२१ मध्येच केलं असतं तर आईला तीन वर्षं दाराला लोंबकळून चढावं लागलं नसतं, याची मला आजही चुटपुट आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर कुलपाच्याही आधी हा दांडा बसवा.

पायरीची उंचीही पाहा. आमची पहिली पायरी जमिनीपासून १४ इंच होती. खाली एक सुटी पायरी ठेवून ती सात-सात इंचांवर आणली.

पट्टी, म्हणजे स्ट्रायकर, नवी घेताना लांबट भोकांच्या स्क्रूंची घ्या. वर-खाली आणि आत-बाहेर थोडी सरकवता आली पाहिजे. कुंकवाचा ठसा पाहत पाहत जागा ठरवा, मग आवळा. कानस वापरायची वेळ आली तर थांबा आणि कर्ण पुन्हा मोजा.

रबर बदलल्यावर एक फसवा काळ येतो. आमचं जुनं रबर कडक होऊन भेगाळलं होतं, त्या जागी ऊन-पाण्यात टिकणारं पोकळ ईपीडीएम रबर लावलं. नवं रबर फुगीर असतं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस दार लावायला जोर लागतो. याच काळात लोक पट्टी बाहेर सरकवतात, आणि रबर बसल्यावर दार खडखडायला लागतं. धीर धरा. रबर नीट दाबलं जातं का हे पाहायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. ती अडखळत निघायला हवी. सर्रकन निघाली तर तिथून धूळ आत येणार, आणि फाटली तर रबर जाड आहे. चारी बाजूंनी वीत-वीत अंतरावर हे करून पाहा. आमचा खालचा कोपरा असाच सापडला.

आता कुलूप, जे मी सगळ्यात आधी बदलत होतो. नुसत्या उतरत्या जिभेच्या लॅचवर ट्रेलर ओढू नका. लॅच दार टेकवून ठेवायला असतो. प्रवासात किल्लीने फिरणारा सरळ बोल्ट लागलेला हवाच. मी एकाच हॅंडलमध्ये दोन्ही असलेलं कुलूप घेतलं आणि निघण्याआधी बोल्ट लावून दार हाताने ओढून पाहायची सवय लावून घेतली.

बाहेरून मागवणार असाल तर दोन गोष्टी पाहा. अमेरिकी ट्रेलरांच्या दारातला कुलपाचा खाचा साधारण पावणेतीन बाय पावणेचार इंच, म्हणजे ७० बाय ९५ मिमी असतो, आणि त्यांची दारं दीड इंचाच्या आसपास जाड. आपल्याकडे बॉडीवाला हाताशी असेल ते कुलूप लावतो, त्यामुळे खाचा मोजल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरं म्हणजे हात. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून दार उजव्या बाजूला आणि बाहेरून पाहिलं तर बिजागऱ्या बहुधा उजव्या हाताला. आपल्या दाराला त्या डाव्या हाताला येतात. विक्रेत्याला हे स्पष्ट सांगा, नाहीतर जिभेचा उतार उलट्या बाजूला येईल.

किल्लीचा क्रमांकही पाहा. अमेरिकी ट्रेलरांच्या सामानाच्या कप्प्यांना सीएच ७५१ या एकाच क्रमांकाची किल्ली वर्षानुवर्षं सर्रास वापरली गेली, म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्याला चालते. तशी कुलपं कप्प्यांना आली असतील तर सिलिंडर बदलून घ्या. आकडे दाबून उघडणारं कुलूप मी घेतलं नाही. आपली धूळ आणि मे महिन्यातलं ऊन पाहता ज्याला साधी किल्लीही चालते असंच घ्यावं, सेल संपले म्हणून आई-वडील बाहेर अडकायला नकोत.

कुलपात तेल घालू नका. वडील दर महिन्याला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे, घरच्या कुलपांना त्यांनी आयुष्यभर तेच केलं. पण ट्रेलरच्या कुलपावर कच्च्या रस्त्याची धूळ बसते आणि तेलात तिचा चिखल होतो. शिवाय खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि आपल्याकडे पौषात सकाळी पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. किल्ली फिरत नव्हती ती त्यामुळे. पेट्रोलने सिलिंडर धुतला, वाळवला आणि ग्रॅफाइटची भुकटी घातली. भुकटी मिळाली नाही तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली आत-बाहेर करा. धुतानाचं काम मोकळ्या हवेत, जवळपास शेगडी-बिडी नको.

दार उघडं असताना वाऱ्याने मागे आपटू नये म्हणून भिंतीवर रबरी टोकाचा अडकवा लावला. वळवाच्या वाऱ्यात दार एकदा मागे आपटलं की नव्या बिजागऱ्यांचंही काही खरं नसतं, म्हणून आकाश भरून आलं की दार अडकवायचं नाही, लावूनच घ्यायचं.

चौकटीच्या आतल्या अंगाला मी पेन्सिलीने कर्ण लिहून ठेवतो, तारखेसह. सुधारणा केल्यावर नोव्हेंबर २०२४ ला १८०३ आणि १८०२. पुढच्या जूनच्या शेवटी, भरपूर पाऊस झाल्यावर, १८०३ आणि १८०१. जुलैत १८०४ आणि १८०१ आले तेव्हा कुलपाला हात न लावता आधी वाकून पाय पाहिले. मागच्या उजव्या फरशीखालचा मुरूम वाहून गेला होता. दोन घमेली मुरूम ठोकला, पाय पुन्हा टेकवला, दार लावून पाहिलं. मग आईला चढून दाखवायला सांगितलं. तिने दांडा धरला, दाराला हातही लावला नाही.